जाऊबाईंच्या खिडकीतलं ऊन

आमच्या दुकानात आम्ही दोघीच बायका. पुढे इस्त्रीच्या टेबलाशी मी, आणि मागच्या खोलीत खिडकीशी माझ्या थोरल्या जाऊबाई, रफूची सुई घेऊन. मी कपड्यांच्या चुण्या काढते, त्या कपड्यांची भोकं बुजवतात. पाटीवर नाव आमच्या ह्यांचं असलं तरी ह्यांचं काम सायकलवरून कपडे आणायचे आणि पोचवायचे, एवढंच. थोरले दीर गेल्यापासून जाऊबाई आमच्याकडे राहतात. राहतात हे म्हणण्यापुरतं. घर त्यांच्याच तंत्राने चालतं. चहात साखर किती पडावी इथपासून मी शेजारणीशी किती वेळ बोलावं इथपर्यंत सगळ्यावर त्यांचं मत असतं आणि ते मला ऐकावं लागतं.

सुई हातात आली की मात्र ह्या बाईचं तोंड मिटतं. रफू म्हणजे शिवण नव्हे. शिवण दिसली तरी चालते, रफू दिसलं की मेलं. कोट कोपराला फाटला, शालीवर ठिणगी उडून भोक पडलं, तर जाऊबाई त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे उपसतात आणि भोकाच्या जागी नवं कापड विणतात, एका उभ्या धाग्याच्या खालून, दुसऱ्याच्या वरून, एकेक करत. ह्या कामाला दिवा चालत नाही. दिव्याखाली काळा आणि गडद निळा सख्खे भाऊ होऊन बसतात. ह्याला खिडकीतून तिरपं आलेलं ऊनच लागतं. ऊन तिरपं पडलं की प्रत्येक धागा शेजारच्या धाग्यावर केसाएवढी सावली टाकतो, आणि त्या सावलीवरून वीण कळते.

"मी धागे कुठे बघते? मी सावल्या बघते," असं त्या पूर्वी गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायच्या.

त्यांची ऐट कधी कमी झाली ते मला नेमकं सांगता येणार नाही. पहिल्यांदा मला दिसली ती खुर्ची. त्या खोलीत लादीवर खुर्चीच्या पायांचे जुने खड्डे आहेत, इतकी वर्षं ती एकाच जागी होती. एके दिवशी केर काढताना बघते तर खड्डे मोकळे आणि खुर्ची पुढे सरकलेली. मी ती ओढून जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे. मग काही दिवसांनी आणखी पुढे. शेवटी जाऊबाईंचे गुडघे भिंतीला टेकले आणि कापड खिडकीच्या कट्ट्यावर आलं.

"आता काय खिडकीबाहेर बसणार का?" मी म्हटलं.

त्यांनी मला टोला हाणायला हवा होता. त्या म्हणाल्या, "काच पूस गं जरा."

काच मी पुसली. सोड्याने पुसली, रद्दी कागदाने घासली, बाहेरून शिडी लावून पुसली. फडकं काळं झालं आणि काच लख्ख झाली, पण खोलीत काही फरक पडला नाही. जाऊबाई कापडावर वाकून म्हणाल्या, "बाहेरची काच पुसून काय होणार? आतल्याच काचा गेल्यात." आणि हसल्या. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

आता त्यांच्या आईची गोष्ट सांगायला हवी, कारण भीती तिथून आलेली. त्यांची आईही सुईवरच जगली. तिचे डोळे गेले, पण तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. आज बोट टोचलं, उद्या दोरा ओवायला वेळ लागला, असं करत ती झाकत राहिली. मग एक दिवस तिने गिऱ्हाइकाची बाही स्वतःच्या पदराला शिवून टाकली आणि उठायला गेली तेव्हा सगळ्यांना कळलं. पुढची सारी वर्षं ती चुलीशेजारच्या कोपऱ्यात बसून होती. कुणी जवळून गेलं की दचकायची आणि विचारायची, "कोण? कोण आहे?" मुलगी गेली तरी कोण, मांजर गेलं तरी कोण. जाऊबाई सांगतात, "आईच्या आंधळेपणाची मला कधी भीती वाटली नाही. त्या 'कोण'ची वाटायची."

एका दुपारी मी इस्त्रीचे कपडे घेऊन मागे गेले. भर दुपार होती आणि मी दारात उभी होते, चार हातांवर. जाऊबाईंनी मान वर केली, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "कोण?"

माझ्या काळजात धस्स झालं. त्यांच्याही झालं असणार, कारण शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी हात तोंडावर ठेवला. मग मी, "कोण म्हणजे? राणीसाहेबांची दासी," असं काहीतरी बरळले आणि कपडे ठेवून पुढे आले.

त्यानंतर मी डोळ्यांत तेल घालून त्यांच्यावर नजर ठेवू लागले, आणि जे दिसलं त्याने माझी झोप उडाली. दुमडीतला धागा पुरला नाही की लागणाऱ्या रिळांच्या डब्यात त्यांनी प्रत्येक रिळाच्या टोकाला गाठी मारून ठेवल्या होत्या. काळ्याला एक, निळ्याला दोन, तपकिरीला तीन. बोटांनी रंग ओळखायची ती तयारी होती. मग एकदा मी पाणी आणायला आत वळले, तर जाऊबाई डोळे मिटून, एक हात भिंतीवर ठेवून, खोलीतून स्वयंपाकघराकडे चालत होत्या. हळूहळू, पाय चाचपत. मी श्वास रोखून बाजूला झाले. तेवढ्यात हे सायकल लावून आत आले आणि नेमके त्यांना धडकले.

"वहिनी, डोळे मिटून काय चालता?" हे हसत म्हणाले.

"सवय करतेय," जाऊबाई म्हणाल्या. ह्यांना तो विनोद वाटला. मला सगळं कळलं. खरं सांगते, भीती फक्त त्यांच्यासाठी नव्हती. उद्या त्या कोपऱ्यात बसल्या तर दिवसभर ते 'कोण' ऐकायला घरात मीच असणार होते.

मी त्यांना जवळजवळ ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी अक्षरं वाचायला लावली, थेंब घातले, यंत्रातून बघितलं आणि म्हणाल्या, "वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत. चष्म्याचा नंबरही बदललेला नाही."

मला वाटलं, सुटलो. बाहेर पडल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "माझ्या आईलाही असंच सांगितलं होतं."

डॉक्टरीणबाई खऱ्या मानाव्यात, तर मग ह्या बाईला दिसत का नव्हतं?

ह्याचं उत्तर मला आमच्या गच्चीवर मिळालं, तेही गरम पाण्याच्या निमित्ताने. कपडे धुवायला आम्ही उन्हावर पाणी तापवायची यंत्रणा बसवली आहे. बरेच दिवस पाणी नुसतं कोमट येत होतं, म्हणून यंत्र बसवणाऱ्याला बोलावलं. त्याने नळ्या तपासल्या, काचा पुसल्या, टाकी उघडली, आणि हात झटकत म्हणाला, "बाई, यंत्रात खोट नाही. खोट उन्हातच आहे."

"म्हणजे?"

"वर बघा."

मी वर बघितलं. ढग नव्हते, पण आभाळ निळंही नव्हतं. दुधात पाणी घातल्यासारखं पांढुरकं होतं, आणि त्यात सूर्य असा, की मी त्याच्याकडे डोळे न मिटता बघू शकत होते. कधीपासून असं होतं? मला आठवेना. रोज मी ह्याच गच्चीवर कपडे वाळत घालत होते.

"हवेत कण आहेत," तो म्हणाला. "धूर, धूळ, राख, काय काय. एकटा दिसणारही नाही एवढा बारीक एकेक. पण असंख्य जमले की ऊन वाटेतच अडवतात. थोडं परत वर फेकतात, थोडं स्वतःच पितात. उरलेलं इकडून तिकडून धडका खात खाली येतं, सगळीकडून सारखं. म्हणून तर सावली धड पडत नाही."

मी माझ्या पायांशी बघितलं. भर दुपारी माझ्या पायांशी नुसता एक मळकट डाग होता, त्याला कडाच नव्हत्या. हात हलवला तर तो डाग हलला की नाही तेही कळेना. आपलं काहीतरी कुणीतरी रोज थोडं थोडं काढून नेत होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता.

"हे कुठून येतं?"

"कुणी म्हणतं भट्ट्या, कुणी म्हणतं खडी फोडणारे, कुणी म्हणतं लांब कुठे रानं जळतात. सगळ्यांचंच असेल," तो म्हणाला आणि हत्यारं गोळा करू लागला.

मी जिने धावत उतरले. जाऊबाईंना सगळं सांगितलं. कण सांगितले, सावली सांगितली, वर चला म्हटलं. त्यांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं, हेच वाईट लक्षण होतं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," त्या म्हणाल्या. "मी तसली नाही गं. हात थकला तर सुई बोथट म्हणायचं, डोळे गेले तर सूर्य विझला म्हणायचं! आईसुद्धा म्हणायची, हल्ली दिवस लवकर मावळतो."

"निदान दिवा तरी घ्या."

दिवा मी आणलाच. बाजूने लावला. सावल्या पडल्या खऱ्या, पण त्यांनी एका काळ्या विजारीत निळा धागा घातला आणि दुपारी मीच तो दाखवला. त्यांनी दिवा बंद केला, वायर गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. दिव्याचा दोषही त्यांनी आपल्याच डोळ्यांच्या खाती टाकला.

मग त्यांनी ठरवून टाकलं. समोरच्या गल्लीतल्या घड्याळजींचा कोट आला होता, कोपराला चांगलाच फाटलेला. मुलीच्या लग्नात तोच घालायचा होता त्यांना. जाऊबाई म्हणाल्या, "हा शेवटचा. इतका करते आणि सुया तुला देऊन टाकते. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझं रफू कुणाला दिसायच्या आत थांबलेलं बरं."

तो कोट त्यांनी फार दिवस केला. कापड तिरप्या विणीचं, म्हणजे अंगावर बारीक तिरप्या रेघा असतात, एका बाजूने वर चढणाऱ्या. रफू करताना त्या रेघा मोडता कामा नयेत. जाऊबाई नाक कापडाला लावून बसायच्या. बोटांच्या टोकांनी चाचपायच्या. मधेच थांबून भिंतीकडे बघत बसायच्या. मी कितीदा दारापर्यंत जाऊन परत आले. आत जावं तर त्यांनी पुन्हा 'कोण' म्हणू नये, एवढीच धास्ती.

घड्याळजींनी कोट नेला तेव्हा तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "वा! फाटला होता कुठे तेच सापडत नाही." घड्याळाचे चिमुकले काटे बसवणारा माणूस तो, त्यालाही सापडलं नाही. जाऊबाईंनी मान डोलावली. ते गेल्यावर सुयांची डबी माझ्या इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. मी ती उचलली नाही, हातही लावला नाही. डबी तिथेच राहिली आणि मी तिच्या भोवतीने इस्त्री करत राहिले.

आणि मग वारा फिरला. एरवी वाहतो त्याच्या उलट दिशेने सारखा जोराचा वारा सुटला, पत्रे वाजले, गच्चीवरची चादर शेजारच्या झाडावर गेली. सकाळी मी दुकान उघडलं, इस्त्री तापवली आणि मान वळवली, तर भिंतीवर एक काळा माणूस हात वर करून उभा. मी किंचाळले. ती माझीच सावली होती. इस्त्रीच्या वायरचीसुद्धा सावली होती, वेटोळ्यासकट. मागच्या खोलीतून एक कवडसा निघून थेट माझ्या टेबलापर्यंत आला होता. पूर्वी तो रोज यायचा. यायचा बंद झाला तेव्हा मला त्याची आठवणही झाली नव्हती.

जाऊबाई खिडकीशी उभ्या होत्या. डोळ्यांवर हात. "अगं, हे काय झालं?" त्या म्हणाल्या. "टोचतंय."

मी काही सांगणार तोच घड्याळजी दुकानात आले. हातात कोट. रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. "बाई, हे काल नव्हतं हो," ते म्हणाले. "आज सकाळी घालून बघितला आणि हे वर आलं."

कोपरावर रुपयाएवढा तुकडा स्पष्ट दिसत होता. धागा तोच, रंग तोच, विणकाम घट्ट. पण सगळ्या कोटाच्या रेघा उजवीकडे चढत होत्या आणि त्या तुकड्यातल्या डावीकडे. जाऊबाईंनी वीण उलटी घातली होती. शिकाऊ बाईदेखील करणार नाही अशी चूक, आणि तिच्याकडे बघत मी मनातल्या मनात म्हणाले, संपलं. आता ह्या बाई कोसळणार.

जाऊबाईंनी कोट उन्हात धरला. तिरपा केला. तोंडाजवळ नेला नाही, चांगला हातभर लांब धरला. त्यांचे ओठ हलायला लागले. मग त्या हसल्या आणि एकदम रडायलाच लागल्या.

"उलटी घातलीय! अगं, उलटी घातलीय मी! बघ, ही रेघ, ही रेघ, ही रेघ!" त्या नखाने दाखवत होत्या. "मला चूक दिसतेय गं. इथून दिसतेय!"

घड्याळजींना वाटलं बाईचं डोकं फिरलं. मला मात्र राहवलं नाही. मी म्हटलं, "जाऊबाई, अंगणच वाकडं होतं." त्यांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर वळ राहिला. फार दिवसांनी मला बरं वाटलं.

त्या दिवशी लोक येतच राहिले. कुणाची शाल, कुणाची विजार, कुणाच्या मुलाचा शाळेचा कोट. भाषा सगळ्यांची एकच, "हे काल नव्हतं." कालही होतं. काल ते कुणालाच दिसत नव्हतं, ना करणारीला, ना घालणाऱ्याला. रस्त्यावर लोक आपापल्या बाह्या उन्हात धरून बघत होते. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. एवढं सगळं गाव किती दिवस अर्धवट दिसत असताना मजेत चाललं होतं, ह्याचाच विचार येत होता.

जाऊबाईंनी टेबलावरची डबी उचलून नेली. खुर्ची जुन्या खड्ड्यांत बसवली. आपलंच रफू उसवायचं आणि पुन्हा घालायचं, असा सपाटा लावला. जेवायला उठेनात. "ऊन आहे तोवर करू दे," एवढंच म्हणायच्या. मी कपडे उसवून देत होते, त्या विणत होत्या. घड्याळजींचा कोट सगळ्यात आधी झाला आणि खरंच कुठे फाटला होता ते मला सापडलं नाही. वारा होता तोवर असं चाललं.

मग वारा पडला. एका दुपारी मी दोरा कापत होते आणि टेबलावरच्या कवडशाच्या कडा विरघळायला लागल्या. आधी कडा गेल्या, मग कवडसा फिका पडला, मग कवडसा होता की नव्हता असं झालं. मी मागे गेले. जाऊबाईंच्या मांडीवर एक राखाडी शाल होती, भोक अर्धं विणून झालेलं. त्या खिडकीतून पांढुरक्या आभाळाकडे बघत होत्या. खुर्ची पुढे सरकवली नव्हती.

"आली वाटतं ती धूळ परत," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"हं."

"पण तुमचे डोळे तरी शाबूत आहेत, जाऊबाई."

"आईला वाटायचं सूर्य चुकला, आणि चुकलेले असायचे तिचे डोळे," त्या म्हणाल्या. "माझं उलटं झालं. डोळ्यांना चष्मा तरी लावता येतो. ह्याला कुणी काय लावायचं?"

डोळे जातील म्हणून भ्यायचं, तर निदान एकाच माणसासाठी भ्यायचं होतं. आता कुणाकुणासाठी भ्यायचं ते कळेना. बाहेर हे सायकलवरून खोकत खोकत आले. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या पायांशी बघितलं. तिथे काही नव्हतं.

जाऊबाई खुर्चीतून उठल्या आणि मला म्हणाल्या, "बस."

"मी? इथे?"

"बस म्हणते ना."

मी बसले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत मी पहिल्यांदाच बसत होते. त्यांनी शाल माझ्या मांडीवर ठेवली, माझी बोटं धरून भोकाच्या काठावर टेकवली.

"डोळे मीट," त्या म्हणाल्या. "बोटाने मोज. खालून एक, वरून एक."

"मला कशाला, जाऊबाई? माझे डोळे चांगले आहेत."

"माझेही चांगलेच आहेत," त्या म्हणाल्या.

मी डोळे मिटले.